आठव्या महिन्यातले नाक

रायगड जिल्ह्यात कबड्डीत नाक फुटणे ही काही बातमी नाही. कोपऱ्यावरचा खेळाडू घोटा धरायला वाकतो, चढाई करणारा सुटायला उसळतो आणि गुडघा थेट नाकाच्या दांड्यावर बसतो. रक्त थांबले, सूज उतरली की मंडळी पुन्हा मैदानात. पेणच्या एका मुलीचे असेच झाले. मोडलेले हाड हाताने जागेवर बसवायला साधारण पहिले दोनच आठवडे मिळतात, पुढे ते असेल तसेच जुळून येते. हिचे दोन आठवडे बर्फ आणि हळदीच्या लेपात गेले. पुढे डाव्या नाकपुडीतून श्वास जवळजवळ बंद झाला, तेव्हा मुंबईत शस्त्रक्रिया झाली. नाकातला वाकडा पडदा सरळ केला, बाहेरचे हाड पुन्हा बसवले, मोडलेल्या जागी आलेला उंचवटा घासून काढला. डॉक्टरी नाव सेप्टोरायनोप्लास्टी.

त्या शस्त्रक्रियेला आता आठवा महिना चालू आहे आणि मुलीला पुन्हा शस्त्रक्रिया करायची आहे. तिची आत्या रोह्याला, अष्टमीत राहते. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात ती परिचारिका होती, निवृत्तीनंतर गावी परतली. तिचा या विचाराला ठाम विरोध. दोघींच्या एका दुपारच्या बोलण्यातून हा लेख निघाला. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या अनेक घरांत हाच वाद चालतो, आणि बहुतेक ठिकाणी तो एका वाक्यावर संपवला जातो.

"तू नीट बघ तरी," भाची म्हणाली. "शेंड्याच्या जरा वर फुगवटा आहे, तो आधी नव्हता. डाव्या बाजूला हाड संपतं तिथे खळगा पडलाय. आणि उजवी नाकपुडी मोठी दिसते."

"श्वास येतो का?"

"दर वेळी तू हेच विचारतेस."

"त्यासाठीच गेली होतीस ना? मग? आधी रात्रभर तोंड उघडं टाकून झोपायचीस. आता झोपतेस की नाही नीट?"

"झोपते. पण म्हणून आरशात बघायचंच नाही का?"

"श्वास येतो ना, मग झालं" हेच ते वाक्य. सासर-माहेरची माणसे ते म्हणतात, शेजारी म्हणतात, घाईत असलेले डॉक्टरही म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की तक्रार करायची तुला परवानगी नाही. या मुलीच्या बाबतीत तर ते लागू पडणे आणखी कठीण. पेणला तिच्या घरी मूर्तींचा कारखाना आहे. गणपतींची आखणी आणि गौरीच्या मुखवट्यांचे रंगकाम ती कळत्या वयापासून करते. एक भुवई केसभर वर गेली तरी तिच्या डोळ्याला ते कळते. स्वतःच्या चेहऱ्यापुरता तो डोळा बंद कर, असे तिला कसे सांगणार?

आत्याने मात्र तिच्या कामाचाच दाखला दिला. "शाडूचं नाक बिघडलं तर तू पाण्याचा हात लावतेस आणि पुन्हा घडवतेस. मांसाचं तसं नसतं गं. तुझ्या नाकावरची कातडी हाडापासून सोडवून वर उचलली होती. ती पुन्हा खाली चिकटायला, आतलं पाणी ओसरायला वेळ लागतो. मला सांग, हा फुगवटा सकाळी जास्त असतो की संध्याकाळी?"

भाचीला विचार करावा लागला. "सकाळी. उठल्या उठल्या."

"मग निदान काही भाग तरी सूज आहे. रात्रभर आडवी असतेस, पाणी तोंडावर उतरतं. कूर्चा सकाळ-संध्याकाळ लहानमोठी होत नाही."

आत्याचा हा मुद्दा पक्का आहे आणि प्रत्येक रुग्णाला तो शस्त्रक्रियेआधीच समजायला हवा. स्प्लिंट आठवड्याभरात निघते, डोळ्यांखालचे निळेपण दोन आठवड्यांत जाते, आणि घरच्यांना वाटते की नाक बरे झाले. सुजेचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत उतरतो खरा, पण उरलेली हट्टी असते. शेंड्यावरची सगळ्यात शेवटी जाते, तिला वर्ष लागते. आपल्याकडे अनेकांची शेंड्यावरची त्वचा जाड असते, त्यांना दीड वर्षही लागू शकते. शेंडा बधिर वाटणे, हसताना वरचा ओठ ताठ वाटणे, स्पर्श केला तर नाक लाकडासारखे लागणे हेही त्याच काळातले, आणि बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू जाणारे. म्हणूनच बहुसंख्य शल्यविशारद वर्षाच्या आत दुसऱ्यांदा सुरी लावत नाहीत. सुजलेल्या, कडक झालेल्या ऊतीत आजचा आकार पाहून केलेली दुरुस्ती सूज उतरल्यावर चुकीची ठरू शकते.

थांबण्याला अपवाद आहेत आणि ते ध्यानात ठेवावेत. पहिल्या दिवसांत नाक दोन्हीकडून एकदम गच्च होऊन ठणकू लागले तर पडद्यात रक्त साचले असण्याची शक्यता असते. ते त्याच दिवशी काढावे लागते, नाहीतर पडद्याची कूर्चा मरते आणि पुढे दांडा खचतो. ताप, पू, लाल चकाकणारी त्वचा, आत बसवलेला सिलिकॉनचा तुकडा बाहेर डोकावणे, यातल्या कशालाही वर्षाचा नियम नाही.

"आणि हे फोटो बघ," म्हणत भाचीने फोन पुढे केला. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक खरोखरच रुंद दिसत होते. आत्याने फोन घेतला, तिला खिडकीशी उभे केले, स्वतः चार-पाच पावले मागे सरली आणि फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर नाके दोन वेगळ्या बायकांची वाटावीत. यामागे भूमितीच आहे. कॅमेरा जवळ असला की चेहऱ्याचा जो भाग पुढे असतो तो मोठा उमटतो. अमेरिकेतल्या काही शल्यविशारदांनी 2018 साली हे गणिताने मांडले. सुमारे एका फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा तळ जवळजवळ 30 टक्क्यांनी रुंद दिसतो. पाच फुटांवर हा फरक उरत नाही.

उजव्या नाकपुडीचे उत्तर एका जुन्या फोटोत मिळाले. शाळेच्या कबड्डी संघाचा, मोडण्याच्या कितीतरी आधीचा. नाकपुडी तेव्हाही मोठीच होती. बहुतेक चेहऱ्यांच्या दोन बाजू सारख्या नसतात, पण शस्त्रक्रियेनंतर माणूस पहिल्यांदाच स्वतःकडे इतके निरखून पाहतो आणि जुने वेगळेपण नवे वाटू लागते.

आत्या जिंकल्यासारखी हसली. भाची हसली नाही. "दोन गोष्टी तुझ्या खऱ्या. पण तू आधीपासूनच ठरवून बसलीस की दिसण्याची तक्रार ही तक्रारच नाही. तुझ्या वॉर्डात कुष्ठरोग्यांची नाकं करायचे म्हणून तूच सांगायचीस. त्यांना श्वास येत नव्हता का?"

इथे आत्या गप्प झाली.

भाचीचा हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्लास्टिक सर्जरीच्या मुळाशी जातो. डॉ. नोशीर अंटिया इंग्लंडमध्ये शिकून 1950च्या दशकात परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोग नाकाचे आतले अस्तर आणि पडदा खाऊन टाकतो, आधार गेला की दांडा खाली बसतो. औषधाने जंतू मेले, माणूस बरा झाला, कुणाला लागण होण्याची भीती उरली नाही, तरी बसलेले नाक दुरूनही दिसते आणि गाव त्याला परत घेत नाही. ही नाके उभी करण्यासाठी आतले अस्तर कातडीने नव्याने घालायचे आणि त्याला आधार द्यायचा, ही पद्धत इंग्लंडमधले शल्यविशारद सर हॅरॉल्ड गिलीज यांची. अंटियांनी ती इथल्या रुग्णांसाठी वापरली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभा केला. रायगडच्या वाचकांना त्यांचे नाव आणखी एका कारणाने ओळखीचे असावे. 1970च्या दशकात अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या परिसरात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा प्रयोग त्यांचाच. एकच माणूस बसलेले नाक उभे करत होता आणि खेड्यातल्या बाळंतिणीच्या आरोग्याचीही चिंता वाहत होता. दिसणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हे मत त्याच्यासमोर टिकत नाही.

"ते रोगी होते," आत्या अखेर म्हणाली. "गावाने टाकलेले. तुला कोण टाकतंय?"

"कुणी टाकल्यावरच विचारायचं का?"

दीडशे वर्षे आणखी मागे गेले तर पुण्यातलीच हकीकत सापडते, आणि ती दोघींच्याही उपयोगाची आहे. कावसजी नावाचा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. 1792च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. साधारण वर्षभर तो नाकाविना वावरला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागीर वैद्याने त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. चित्रकार जेम्स वेल्सने त्याचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये सगळी कृती छापून आली. मेणाचा नमुना नाकावर बसवायचा, तो कपाळावर सपाट पसरून रेघ आखायची, तेवढी कातडी दोन भुवयांमधला पूल शाबूत ठेवून सोडवायची, वळवून खाली आणायची आणि काताचा लेप लावलेल्या पट्ट्यांनी चिकटवायची. टाका एकही नाही. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हे वाचून 1814 साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि ही पद्धत युरोपात रुजली. कपाळाची कातडी वळवून नाक करणे आजही जगभर चालते.

वादासाठी महत्त्वाचे आहेत ते त्या हकीकतीतले दोन बारकावे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत, त्या आकसू नयेत म्हणून. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी पूल कापताना आणखी थोडी कापाकापी करत. तिचा उद्देश एकच, नवे नाक जास्त चांगले दिसावे. कपाळावरचा व्रण कालांतराने किती दिसतो, याचीही नोंद लेखात आहे.

"म्हणजे दुसरा हात फिरवणं तेव्हाही होतं," ही हकीकत ऐकून भाची म्हणाली. "त्याला कुणी नखरे म्हटलं नाही."

"आणि त्या वैद्यानेही नवी कातडी जगल्याशिवाय सुरी उचलली नाही," आत्या म्हणाली. "कातडी कधी तयार होते ते त्याला कळत होतं."

मग आत्याने उठून फडताळातला छोटा आरसा आणला आणि मुलीच्या नाकाखाली आडवा धरला. "तोंड मीट. सावकाश सोड श्वास." आरशावर धुक्याचे दोन ठिपके उमटले. उजवीकडचा रुपयाएवढा, डावीकडचा त्याच्या जेमतेम अर्धा. नाकाच्या दोन बाजू आळीपाळीने तुंबतात आणि काही तासांनी पाळी बदलते, म्हणून एका वेळच्या आरशावर विसंबता येत नाही. संध्याकाळी पुन्हा धरला. डावा ठिपका तेवढाच. आत्याने अंगठ्याने मुलीचा डावा गाल हलकेच बाहेर ओढला. "आता घे." मुलीचे डोळे विस्फारले. डावीकडून श्वास भसकन आत गेला होता.

गालाची ही चाचणी शेवटचा शब्द नव्हे, पण तिने दिशा मिळते. नाकाच्या मधल्या भागात, हाड संपते तिथे, पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामधली फट हा श्वासाच्या वाटेतला सगळ्यात अरुंद भाग. दांड्यावरचा उंचवटा काढताना तिथला आधार कमी झाला तर बाजूची कूर्चा आत झुकते. बाहेरून तो खळगा दिसतो, सावली पडते, आणि आतून वाट चिंचोळी होते. भाचीने आरशात पाहून दाखवलेला खळगा आणि आत्याने विचारलेला श्वास या एकाच बिघाडाच्या दोन बाजू होत्या. "श्वास येतो ना" असे म्हणून तक्रार मिटवली असती तर श्वासाचाच दोष राहून गेला असता. नाकात रूप आणि काम वेगळे करता येत नाही, हे शल्यविशारद शिकतात. घरच्यांनीही ते शिकायला हवे.

"बरं," आत्या म्हणाली. "हे दाखवायलाच हवं. पण दाखवणं म्हणजे लगेच कापणं नाही."

"कापू नको म्हणतेस तर हे बघ." भाचीने फोनवरची जाहिरात दाखवली. इंजेक्शनने पंधरा मिनिटांत नाक सरळ, ना टाका, ना भूल.

आता आत्याचा आवाज चढला. "याला हातसुद्धा लावायचा नाही!"

तिचे चुकत नव्हते. हे इंजेक्शन म्हणजे फिलर, खळग्यात जेल भरणे. बहुतेकदा ते हायलुरोनिक ॲसिडचे असते आणि चेहऱ्यावर इतरत्र त्याचा उपयोग होतो. पण नाकाच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध आहे. जेल चुकून वाहिनीत शिरले तर नाकाची कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. जेल विरघळवणारे औषध असते, पण ते हाताशी हवे आणि तासांच्या आत द्यायला हवे. एकदा शस्त्रक्रिया झालेल्या नाकात वाहिन्यांच्या जागा बदललेल्या असतात, आत व्रण असतात, म्हणून धोका आणखी वाढतो. काही अनुभवी डॉक्टर मोजक्या रुग्णांत हे करतात. पार्लरच्या मागच्या खोलीत ते कधीही करू नये. शिवाय या मुलीच्या खळग्यात बाहेरून भर घातली असती तर दिसायला तो बुजला असता, आतली वाट तशीच राहिली असती.

मग उरते काय? फुगवट्यासाठी वाट पाहणे, आणि डॉक्टरांनी सांगितले तर रात्री चिकटपट्टी लावणे. व्रणाची ऊती जाड होत असेल तर डॉक्टर तिथे स्टिरॉइडचे अगदी थोडे इंजेक्शन देतात. जास्त झाले तर कातडी पातळ होऊन खड्डा पडतो, म्हणून तेही जाणत्या हातानेच. हाडाचा लहानसा कंगोरा उरला असेल तर तो जागा बधिर करून घासता येतो. खळग्यासाठी मात्र बहुधा खरी दुरुस्तीच लागते. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेची पातळ पट्टी बसवून वाट रुंद करतात, त्याने बाहेरची रेघही सरळ होते.

पट्टीसाठी कूर्चा आणायची कुठून, हा दुसऱ्या शस्त्रक्रियेतला अवघड प्रश्न. पहिली पसंती पडद्याच्या कूर्चेला, पण पहिल्या वेळी ती वापरून संपलेली असू शकते. मग कानाच्या वाटीतून घेतात. ती वाकडी आणि मऊ असते, कान मात्र पुढून तसाच दिसतो. जास्त लागली तर बरगडीची. ती भरपूर आणि मजबूत असते, पण छातीवर व्रण राहतो आणि काळाने पट्टी वाकण्याची शक्यता असते. सिलिकॉन आयते मिळते, परंतु जंतुसंसर्ग होण्याची आणि कातडी फाडून बाहेर येण्याची भीती वर्षानुवर्षे राहते. दुसऱ्यांदा उघडलेल्या नाकात थर एकमेकांना चिकटलेले असतात, रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणून तिथे पहिल्यापेक्षा जास्त अनुभवाचा हात लागतो.

"इतकं करून शंभर टक्के सरळ होईल?" भाचीने विचारले.

"नाही," आत्या म्हणाली. "जो डॉक्टर हो म्हणेल त्याच्या दारातून परत फिर."

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांतल्या साधारण पाच ते पंधरा जणांना दुसरी दुरुस्ती लागते, असे सामान्यतः सांगितले जाते. पहिल्या डॉक्टरने चूक केली असाच याचा अर्थ होत नाही. जखम भरताना कूर्चा आपल्या मर्जीने वळते. दुसरीकडे, काही रुग्णांना कितीही दुरुस्त्या केल्या तरी समाधान मिळत नाही. दिवसाचे तास आरशात जातात, इतरांना न दिसणारा दोष त्यांना असह्य होतो. तो मनाचा आजार आहे, त्याला उपचार आहेत आणि ते शस्त्रक्रियेचे नाहीत. जाणता शल्यविशारद हे आधी विचारतो. विचारले म्हणून अपमान मानू नये.

खर्चाचा विषय निघाला तेव्हा आत्याला एक गोष्ट नवी कळली. भाचीने घरच्या आरोग्यविम्याची कागदपत्रे वाचली होती. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेली असते, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार आवश्यक आहे, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले तर तोही येत नाही. मोडलेल्या नाकाची, श्वास अडवणाऱ्या खळग्याची दुरुस्ती या खिडकीतून जाऊ शकते. त्यासाठी पहिल्या दुखापतीचा कागद लागतो. कबड्डीत नाक मोडले त्या दिवशी कुणी केसपेपर काढला नव्हता.

ठरले ते असे. वर्ष पूर्ण होईपर्यंत कापायचे नाही, पण दाखवायला आत्ताच जायचे. कान-नाक-घशाच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या अशा डॉक्टरांकडे, जे दुसऱ्यांदा केलेली नाके नियमित हाताळतात. सोबत पाच फुटांवरून काढलेले समोरचे, दोन्ही बाजूंचे आणि खालून घेतलेले फोटो, मोडण्याआधीचे जुने फोटो, आणि मुख्य म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद. पडद्यातली किती कूर्चा काढली, ती कुठे बसवली, हाड कुठे कापले, हे त्याच कागदावर असते. साध्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा नसते.

नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने ही नोंद आजच मिळवावी, नाक आवडलेले असो वा नसो. वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या नियमांनुसार डॉक्टरांनी रुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवायचे असतात आणि मागणी केल्यापासून 72 तासांत द्यायचे असतात. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि तिच्यावर तारीख आणि शिक्का मारून घ्यायला विसरू नका.